नरक्याचे देणे



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची उभी हयात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेली. त्यामुळे विषय निवडताना मला फार विचार करावा लागला नाही. कर्करोगावरची जी औषधे आज जिल्ह्याच्या गावीही सलाईनमधून दिली जातात, त्यांतली कित्येक मुळात झाडाझुडपांची आहेत. रसायनशास्त्रज्ञांनी ती शोधली, डॉक्टरांनी पारखली, कारखान्यांनी बाटलीत भरली. यातल्या एका झाडाबद्दल मला आज मुख्यतः बोलायचे आहे. ते आपल्या सह्याद्रीत वाढते, औषध कारखान्यांना कच्चा माल पुरवते आणि त्यापायीच विरळ होत चालले आहे. त्याचे नाव नरक्या.

पण आधी सदाफुलीकडे वळू, कारण ती तुमच्या-माझ्या दारात आहे. मूळची मादागास्करची, पण आपल्या परसात रुळून तिला कैक पिढ्या लोटल्या. आपल्याकडे मधुमेहाचे रुग्ण सकाळी अनशापोटी तिची पाने चावतात. जमैकातही तिच्या पानांचा काढा साखरेवर घेत. १९५२ साली तिथल्या एका रुग्णाने कॅनडातल्या डॉ. क्लार्क नोबल यांना पाकिटातून ही पाने पाठवली. त्यांनी ती आपल्या भावाकडे, वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठातल्या रॉबर्ट नोबल यांच्याकडे सोपवली. रॉबर्टनी उंदरांना काढा पाजला. रक्तातली साखर जागची हलली नाही. मग अर्क टोचून पाहिला, तर उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. कारण शोधता लक्षात आले की त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या आहेत, अस्थिमज्जा ओसरली आहे. दुसऱ्या कुणी इथे प्रयोग फसला म्हणून वही मिटली असती. नोबलनी प्रश्न फिरवला: जे द्रव्य पांढऱ्या पेशी मारते, ते पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणाऱ्या रोगावर चालेल का? चार्ल्स बीअर या रसायनशास्त्रज्ञाने चिकाटीने ते द्रव्य वेगळे केले आणि १९५८ मध्ये विनब्लास्टिन जगापुढे आले. त्याच सुमारास अमेरिकेत एली लिली कंपनीचे शास्त्रज्ञ त्याच झाडावर काम करत होते. त्यांच्या हाती विनक्रिस्टिन लागले आणि १९६३ मध्ये ते रुग्णांसाठी मंजूर झाले.

लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग तोवर म्हणजे मृत्यूचीच चिठ्ठी होती. आज वेळेवर आणि पूर्ण उपचार मिळाले तर त्यातली बहुतेक मुले बरी होतात. हे एकट्या विनक्रिस्टिनचे श्रेय नाही, अनेक औषधांच्या मिलाफाचे आहे. पण त्या मिलाफात ते आजही आहे.

इथे मला एक गोष्ट अगदी कळकळीने सांगायची आहे. टनभर वाळलेल्या पानांतून विनक्रिस्टिन निघते जेमतेम काही ग्रॅम. मोठ्या माणसालाही एका वेळी दोन मिलिग्रॅमच्या आसपासच ते देतात, तेही शिरेतून. चुकून मणक्यात गेले तर रुग्ण दगावतो. एवढ्या टोकदार औषधाचे काम चार पाने चावून होईल, असे मानणे भाबडेपणाचे आहे. गाठ लहान असताना, शस्त्रक्रियेने सुटका होण्यासारखी असताना काढे-चूर्णांत सहा महिने घालवून मग रुग्णालयाची पायरी चढणारी माणसे आपल्या सगळ्यांच्या पाहण्यात आहेत. झाडांवरच्या प्रेमापोटी मी हे बोलतो आहे. झाडात औषध आहे म्हणजे झाड हेच औषध आहे, असे होत नाही.

आता मनसुख वाणी यांच्याकडे येतो. जन्म १९२५, गाव नंदुरबार, तेव्हाचा पश्चिम खानदेश. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी., मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून १९६२ मध्ये डॉक्टरेट आणि त्याच वर्षी उत्तर कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर नोकरी. वॉल आणि वाणी या जोडीने पुढे कर्करोगावरची दोन अशी द्रव्ये शोधली की त्यांतल्या एकानेही एखाद्या माणसाचे आयुष्य सार्थकी लागले असते. पहिले कॅम्प्टोथेसिन, दुसरे टॅक्सॉल. आपल्या शाळांत वाणींचे नाव किती मुलांना ठाऊक आहे, हे मी शिक्षकांना विचारत असतो. उत्तर ऐकून वाईट वाटते.

वॉल आधी अमेरिकेच्या कृषी खात्यात होते. कॉर्टिसोन बनवायला उपयोगी पडतील अशी स्टेरॉइडे वनस्पतींत शोधणे हे तिथले काम. १९५७ मध्ये त्यांनी आपल्याकडचे हजारभर अर्क राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या जोनाथन हार्टवेल यांना तपासायला दिले. त्यात चीनमधून आणून कॅलिफोर्नियात लावलेल्या एका झाडाचा अर्क होता, कॅम्प्टोथेका अक्युमिनाटाचा. उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर तो लक्षणीय ठरला. पुढे या संस्थेने आणि कृषी खात्याने मिळून १९६० ते १९८१ या काळात सुमारे ३५,००० वनस्पती-नमुन्यांचे १,१४,००० अर्क तपासले. त्यातून रुग्णापर्यंत पोचलेली औषधे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. हे प्रमाण ध्यानात असले की अमुक फळाने कर्करोगाच्या पेशी मेल्या अशी बातमी वाचून कुणी हुरळणार नाही. काचेच्या बशीतल्या पेशी मीठ वाढवले तरी मरतात.

अर्कातून द्रव्य काढायचे म्हणजे काय, ते थोडे जवळून दाखवतो. मी उमेदीची वर्षे याच कामात घालवली आहेत. साल किंवा खोडाची भुकटी मिथेनॉलमध्ये भिजत ठेवायची. गाळून मिथेनॉल उडवले की तळाशी तपकिरी, चिकट राब उरतो. तो पाणी आणि क्लोरोफॉर्म घातलेल्या सेपरेटिंग फनेलमध्ये ओतून हलवायचा. दोन थर वेगळे होतात. कुठले द्रव्य कुठल्या थरात गेले हे डोळ्यांना कळत नाही. दोन्ही थर उंदरांवर, पेशींवर तपासायला पाठवायचे आणि वाट पाहायची. ज्या थरात गुण सापडेल तो ठेवायचा, तो सिलिकाच्या कॉलमवर चढवायचा, खालून थेंब-थेंब उतरणारा द्राव पन्नास-साठ परीक्षानळ्यांत धरून पुन्हा तपासायचा. वॉल आणि वाणींना प्रत्येक फेरीला निकालासाठी आठवडेच्या आठवडे थांबावे लागे. कॅम्प्टोथेसिनची एक सोय मात्र आहे: अतिनील दिव्याखाली धरले की ते झगझगीत निळे दिसते. अंधाऱ्या खोलीत प्लेटवर तो निळा ठिपका पहिल्यांदा दिसतो तेव्हाचा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. कॅम्प्टोथेसिनची रचना १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली.

टॅक्सॉलचे काम याहून कठीण. ऑगस्ट १९६२ मध्ये आर्थर बार्क्ले या वनस्पतिशास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू या झाडाची साल गोळा केली. बारा किलो सुक्या मालातून वॉल-वाणींच्या हाती लागले अर्धा ग्रॅम द्रव्य. त्याचा रेणू इतका मोठा आणि गुंतागुंतीचा की अखंड रेणूचे क्ष-किरण चित्र काही मिळेना. शेवटी तो हलक्या हाताने दोन तुकड्यांत तोडून, प्रत्येक तुकड्याची रचना लावून मग जोडणी कुठे होती हे त्यांनी ठरवले. १९७१ मध्ये निबंध आला. त्यानंतर जवळजवळ दशकभर या रेणूकडे कुणी फारसे वळून पाहिले नाही. १९७९ मध्ये न्यू यॉर्कच्या सुझान हॉर्विट्झ यांनी दाखवले की पेशी दुभंगताना गुणसूत्रे ओढणाऱ्या ज्या सूक्ष्मनलिका उभ्या राहतात, त्या टॅक्सॉलमुळे ताठरतात आणि वेळेवर सुटत नाहीत. पेशी तिथेच अडकून मरते. अशा रीतीने काम करणारे औषध तोवर कुणाला ठाऊक नव्हते. १९९२ मध्ये बीजाशयाच्या कर्करोगासाठी ते मंजूर झाले.

कॅम्प्टोथेसिनच्या वाट्याला तर थेट अपयश आले. ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून त्याचे एक वलय उघडून सोडियमचा क्षार बनवला आणि १९७०च्या सुमारास तोच रुग्णांना दिला. मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला, गुण तर फारसा आला नाही, आणि १९७२ मध्ये चाचण्या थांबल्या. वास्तविक ते वलय अखंड असल्याखेरीज औषधाचा गुण येत नाही, ही गोष्ट वॉल आणि वाणींच्या कामातून पुढे आली होती. १९८५ मध्ये लेरॉय लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅम्प्टोथेसिनचे नेमके लक्ष्य दाखवले. विहिरीच्या दोराला पीळ बसत गेला की तो एका जागी मोकळा करावा लागतो. पेशीत डीएनएचा असाच पीळ सोडवायला टोपोआयसोमरेज-१ नावाचे विकर एक धागा कापते, पीळ जाऊ देते आणि धागा पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमके कापल्यावर आणि जोडण्याआधी मध्ये जाऊन बसते. जोडणी होत नाही, आणि डीएनएची नक्कल काढणारी यंत्रणा तिथे येऊन आदळली की दोन्ही धागे तुटतात. हे कळताच सगळ्यांचे लक्ष पुन्हा त्या टाकून दिलेल्या रेणूकडे वळले. त्याला पाण्यात विरघळेल असे रूप दिले गेले: टोपोटेकॅन, आणि जपानच्या याकुल्ट कंपनीचे इरिनोटेकॅन. अमेरिकेत दोन्ही १९९६ मध्ये मंजूर झाली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर इरिनोटेकॅन आज नेहमीचे औषध आहे. अलीकडे स्तनाच्या कर्करोगावर जी प्रतिपिंडाला जोडलेली औषधे आली आहेत, त्यांतल्या काहींच्या शेपटाला बांधलेला विषारी रेणू याच घराण्यातला.

आता या रेणूसाठी झाड लागते, आणि ते चीनमध्येच आहे असे नाही. १९७२ मध्ये, म्हणजे अमेरिकेत चाचण्या बंद पडल्या त्याच वर्षी, मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातून टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी प्रसिद्ध केले की सह्याद्रीतल्या मॅपिया फीटिडा या झाडात कॅम्प्टोथेसिन आहे, आणि तेही चिनी झाडापेक्षा कितीतरी अधिक. मॅपिया फीटिडा म्हणजेच आपला नरक्या. आजचे त्याचे शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. हे दुसरे पदही मुंबईचेच आहे. १८३९ मध्ये जॉन ग्रॅहम यांनी मुंबई परिसरातल्या वनस्पतींची सूची छापली. तीत मुंबईतले हौशी वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ निम्मो यांचे नाव या झाडाला दिले आहे. म्हणजे गोरेगावच्या शोधाच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी हे झाड आपल्याच इलाख्याच्या कागदावर चढले होते.

महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबोली या पट्ट्यात फिरलेल्यांनी नरक्या पाहिला असेल, ओळखला नसेल एवढेच. मध्यम उंचीचे झाड, फांद्यांच्या शेंड्यांकडे दाटलेली पाने, पावसाळ्याच्या आगेमागे फिकट पिवळट फुलांचे झुबके आणि त्या फुलांचा नकोसा वास. फळे पिकली की जांभळी-काळी होतात. गुरे त्याच्या वाट्याला फारशी जात नाहीत, सुतार त्याचे लाकूड मागत नाही. अशी झाडे सहसा सुखाने जगतात. नरक्याचा गुणच त्याच्या मुळावर आला, आणि हे अक्षरशः खरे आहे, कारण कॅम्प्टोथेसिन खोडापेक्षा मुळांत अधिक असते. व्यापाऱ्याला माल वजनावर हवा. मग झाड बुंध्यापाशी तोडून भागत नाही, मुळे उकरून काढतात, जागच्या जागी त्याचे कुटके करतात आणि पोत्यांत भरून रातोरात खाली उतरवतात. कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या वर्तमानपत्रांत नरक्याचा टेम्पो पकडल्याची बातमी अधूनमधून येत असते. पकडला जातो तो टेम्पोवाला आणि मोळी बांधणारा मजूर. त्याला दिवसाची मजुरी मिळालेली असते. त्या लाकडातून पुढे काय बनते, त्याची एक बाटली केवढ्याला विकते, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. वन विभागाने त्याला पकडू नये असे मी म्हणत नाही. पण साखळीच्या वरच्या टोकाला हात न लावता खालच्याच टोकाला बेड्या घालत राहिलो तर जंगल वाचणार नाही, हे मला स्पष्ट दिसते.

यावर लोक म्हणतात, मग औषध बंद करायचे का? मुळीच नाही. टॅक्सॉलचेच उदाहरण घ्या. पॅसिफिक यू अतिशय सावकाश वाढतो आणि साल सोलली की मरतो. एका रुग्णाच्या उपचाराला कित्येक झाडे लागत, आणि मागणी हजारो रुग्णांची. अमेरिकेत यावर रण माजले, कारण ती झाडे जुन्या, राखीव जंगलांत होती. आपल्याकडे हिमालयातल्या यू वृक्षांचीही त्याच काळात अपरिमित तोड झाली. तोडगा फ्रान्समधल्या पिएर पोतिए यांच्या कामातून निघाला. युरोपीय यूच्या सुईसारख्या पानांत टॅक्सॉलचा गाभा तयार असतो आणि पाने खुडली तरी ती पुन्हा येतात. फ्लोरिडाच्या रॉबर्ट हॉल्टन यांनी त्या गाभ्याला बाजूची साखळी जोडण्याची कारखान्यात परवडेल अशी रीत बसवली. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत सालीची गरज सरली. पुढे तर यूच्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढवून त्यातून टॅक्सॉल घेऊ लागले. झाडावरचा भार उतरला, औषध थांबले नाही. कारण तिथे जंगलासाठी लोक भांडले, सरकारवर दबाव आला आणि संशोधनाला पैसा मिळाला. नरक्यासाठी आपण यातले काय केले?

बुरशीकडूनही मोठी आशा होती, तिच्याबद्दल थोडे सांगतो. झाडाच्या आत, त्याला इजा न करता राहणाऱ्या बुरशा असतात. १९९३ मध्ये मोंटानातल्या संशोधकांनी यूच्या सालीतल्या अशा एका बुरशीत टॅक्सॉल असल्याचे जाहीर केले. २००५ मध्ये जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या आणि जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या नरक्याच्या आतल्या सालीतून कॅम्प्टोथेसिन बनवणारी बुरशी मिळवली. बुरशी टाकीत वाढवता येते, तेव्हा झाड वाचेल असे सगळ्यांना वाटले. पण अशा बुरशा झाडाबाहेर पिढी-दर-पिढी वाढवल्या की गुण हरवतात असे चिनी झाडातल्या बुरशीवर झालेल्या कामात दिसले. आणि २०१३ मध्ये यूच्या बुरशांची नव्याने छाननी झाली तेव्हा त्या स्वबळावर टॅक्सॉल बनवतात याला पुरावा सापडला नाही. हा मार्ग बंद झाला असे मी म्हणणार नाही, पण त्याच्या भरवशावर कुऱ्हाड चालू ठेवता येणार नाही. बुरशीची स्वतःची द्रव्ये ही वेगळी बाब. जपानमध्ये ट्रॅमेटिस व्हर्सिकलर या अळंबीतून काढलेली पॉलिसॅकराइड १९७७ पासून बरीच वर्षे कर्करोगाच्या इतर उपचारांच्या जोडीला देत असत. मुख्य औषधाची जागा मात्र ती घेत नसत.

मुंबईच्या पूर्व उपनगरातले एक काम इथे नोंदवले नाही तर अन्याय होईल. १९८०च्या दशकात मुलुंडला हेक्स्टच्या संशोधन केंद्रात पश्चिम घाटातल्या डायसॉक्सिलम बायनेक्टेरिफेरम या झाडातून रोहिटुकिन नावाचे द्रव्य काढले गेले आणि त्याची रचना समोर ठेवून फ्लॅव्होपिरिडॉल घडवले गेले. पेशीविभाजनाची चक्रे फिरवणाऱ्या विकरांना रोखणारे, माणसांवर चाचणी झालेले हे पहिले औषध. ते बाजारात पोचले नाही. पण विकरांच्या त्याच घराण्यावर काम करणारी पुढची औषधे आज स्तनाच्या कर्करोगात सर्रास वापरली जातात. मुलुंडमध्ये बसून सह्याद्रीतल्या झाडाच्या आधाराने जगातले पहिले पाऊल टाकता येते, हे आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असायला हवे.

नरक्याबाबत करायच्या गोष्टी अवघड नाहीत. रानटी झाडाची मुळे काढण्यावर कडक बंदी, आणि कॅम्प्टोथेसिन बनवणाऱ्या प्रत्येक कारखान्याकडे माल कुठून आला याचा कागद. २००२च्या जैवविविधता कायद्याने गावोगावच्या समित्यांना लाभातला वाटा मागण्याचा आधार दिला आहे. तो वाटा मागायला त्यांना शिकवले पाहिजे. पश्चिम घाटातच ओफिओऱ्हायझा नावाची लहान रोपटी आहेत. ती झपाट्याने वाढतात आणि त्यांच्यातही कॅम्प्टोथेसिन असते. त्यांची लागवड करता येईल.

आणि सगळ्यांत निकडीचे काम मोजणीचे. नरक्याच्या सगळ्या झाडांत कॅम्प्टोथेसिन सारखे नसते. एखाद्या झाडात शेजारच्या झाडाच्या कितीतरी पट निघते. कर्नाटकातल्या संशोधकांनी घाटातल्या झाडांचे नमुने तपासून ही तफावत नोंदवली आहे. आपल्या विद्यापीठांतल्या मुलांनी महाबळेश्वरपासून तिलारीपर्यंत झाडागणिक पानाचा, कोवळ्या फांदीचा छोटा नमुना घ्यावा, तो तपासावा, झाडाला क्रमांक द्यावा. जी झाडे सरस निघतील त्यांच्या बियांची आणि कलमांची रोपे शेतकऱ्यांना बांधावर लावायला द्यावीत. आज तोडणारा माणूस झाड निवडत नाही, समोर येईल ते उपटतो. त्यात ते सरस झाडही जाते, आणि ते सरस होते हे कुणाला कळलेलेही नसते. म्हणून हे काम येत्या पावसाळ्याआधी सुरू व्हावे, अशी माझी या सभागृहातल्या प्राध्यापकांना हात जोडून विनंती आहे. नमुने तपासायला जी काही मदत माझ्याकडून होईल, ती मी करीन.